यादीवर माझी सही आहे

प्रिय बंड्या,

सात महिने तुला उलट फोन केला नाही. रागव, पण पत्र पूर्ण वाच. माझी शुगर काठावर आहे, गुडघा बरा आहे.

परवा राज्याच्या टेनपिन बोलिंग संघाची यादी लागली. निवड समितीत आम्ही तिघं, तिसरी सही माझी.

डोंबिवलीच्या पोराबद्दल दिवाळीत बोललो होतो बघ. एकोणीस वर्षांचा. पंधरा पौंडाचा बॉल घेऊन गर्दीच्या लोकलने करी रोडला उतरतो आणि लोअर परळपर्यंत चालत येतो. ट्रायल तीन दिवस होती, रोज सहा गेम. एरवी लेनवर मध्ये तेल जास्त आणि कडेला कमी असतं, बॉल जरा बाहेर गेला तरी वळून पॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पिनेच्या बाजूच्या फटीत येतो. या वेळी सपाट पॅटर्न होता, सगळीकडे सारखंच तेल. भलेभले 150 गुणांवर आले. हा मात्र तिसऱ्या गेमनंतर तेल उडालंय हे ओळखून, कुणी न सांगता दोन बोर्ड, म्हणजे लेनच्या दोन फळ्या, डावीकडे सरकला. कोपऱ्यातली दहा नंबरची पिन अठरा गेममध्ये एकदाच सुटली! सरासरी 187. सहा जणांत पाचवा.

मग मीटिंगमध्ये कळलं की संघाकडे पैसे नाहीत. बंगळूरुच्या स्पर्धेसाठी भाडं, राहणं, एंट्री फी, टी-शर्टसुद्धा ज्याचं त्याने भरायचं. विमानात पंधरा किलो सामान चालतं, त्यातले साडेतेरा दोन बॉलमध्येच जातात. पोराच्या आईने फोनवर सरळ सांगितलं, 'महिनाभरात एवढे नाही जमणार हो.' त्याचं नाव खोडलं, 182 वाला सातवा वर आला. तोही गुणी मुलगा आहे, त्याचा काय दोष?

स्पॉन्सरसाठी मी चार ऑफिसं फिरलो. सगळीकडे एकच प्रश्न, ऑलिंपिकमध्ये आहे का? 1988 ला सोलला नुसतं प्रदर्शनीय होतं. एशियाडमध्ये 2018 ला पालेमबांगला होतं, 2023 ला हांगझौमध्ये तेही गेलं. त्यापुढे मला बोलता येईना.

हे तुलाच का सांगतोय, तुला कळलं असेल. त्या वर्षी तू चौथा होतास, मी सातवा, आणि पैसे माझ्या मामाने भरले. दादरला माझी बॅग डब्यात तूच चढवलीस आणि मग दोन वर्षं बोलला नाहीस. आपण भांडलो तेव्हा मी म्हणालो होतो, 'नियमच तसा आहे.' परवा मीटिंगमध्ये तेच वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मी सही केली. तेव्हा तू बरोबर होतास, बंड्या. हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

(फाउल लाइनवर घसरून तू बॉलसकट लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेला होतास, ते अण्णा अजून साभिनय करून दाखवतात. त्यांना फोन कर.)

नाशिकचं घर लागलं का? वहिनींची बदली झाली का? चिमणीला दहावीसाठी आशीर्वाद.

पैसे भरायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. त्या पोराचा अर्धा खर्च मी उचलू शकतो. पण यादी बदलायची तर मला समितीपुढे उभं राहून सही मागे घेतो म्हणावं लागेल. अर्ध्याचं तू काही करू शकशील का, नाही जमलं तरी स्पष्ट कळव.

आज संध्याकाळी त्याचा फोन आला. आईने त्याला अजून सांगितलेलं नाही. म्हणाला, 'सर, अंगठ्याचं भोक घट्ट होतंय, बंगळूरुच्या आधी मोठं करून घेऊ का?' मी म्हणालो, 'उद्या बॉल घेऊन ये.'

तुझा,
दिन्या