धाकट्याचा रिपोर्ट

प्रिय मन्या,

घरी सगळे ठीक. आईचा गुडघा तसाच आहे, माझी शुगर ताब्यात आहे. आता मूळ गोष्ट.

भाऊजींनी मायेपोटी, मला न विचारता, धाकट्या भावाचं रक्त एका खासगी लॅबला दिलं. डोक्याला मार लागलेला माणूस किती सुधारेल ते जनुकांवरून कळतं, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं. रिपोर्ट आलाय. एपीओई ई३/ई४, म्हणजे एपीओई या जनुकाची एक प्रत ई३ आणि दुसरी ई४, अल्झायमरच्या विस्मरणाचा धोका वाढवणारी. ते ई४ वाचलं आणि डोळ्यांपुढे नाना आले, शेवटच्या दोन वर्षांतले. ते दिवस तू पाहिलेस, म्हणून हे तुलाच लिहितोय.

या जनुकावरून बनणारं प्रथिन मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करतं, पेशींची मोडतोड झाली की डागडुजीला तोच माल लागतो, हे तुला मी काय सांगणार. ई४ त्यात कमी पडतो असं मानतात. आयसीयूच्या दारात आपण ज्याला त्याला 'जीसीएस किती?' विचारत होतो ना, ती शुद्धीची मोजणी ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांची, १९७४ची. त्याच टीसडेलांच्या गटानं १९९७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की सहा महिन्यांनी ई४वाल्यांपैकी ५७ टक्क्यांची स्थिती वाईट होती, बाकीच्यांत २७ टक्क्यांची. ते वाचून मी रात्रभर जागा होतो. पण रुग्ण शंभरसुद्धा नव्हते! २००५ मध्ये त्यांनीच हजारावर रुग्ण पाहिले, तेव्हा एकूणात संबंध दिसला नाही. फक्त मुलांत आणि तरुणांत थोडा दिसला. धाकटा सत्तावीसचा आहे, मन्या. त्या एका ओळीवरून माझी नजर हलेना.

मग २०२२चा मोठा अभ्यास मिळाला. पाच हजारांहून जास्त रुग्णांचा जनुकसंच चाळूनही एकही जागा ठामपणे हाती लागली नाही, एपीओईचाही म्हणण्यासारखा परिणाम नाही. डॉक्टर आजही अंदाज बांधतात तो वयावरून, हातापायांच्या हालचालीवरून, डोळ्यांच्या बाहुल्या उजेडाला दाद देतात का त्यावरून. धाकट्याच्या दोन्ही बाहुल्या पहिल्या रात्रीही आकसत होत्या. मी तेच धरून बसलोय.

रंकाळ्यावर तू 'सगळं आधीच लिहिलेलं असतं' म्हणालास आणि मी तुझी भेळ पाण्यात भिरकावली. ती भरून मिळणार नाही, मासे खूश झाले होते.

खरा घोर वेगळाच आहे. धाकटा एखादा शब्द विसरला की आई पदर डोळ्यांना लावते, 'नानांसारखंच' म्हणते. तिला ई४ सांगितला तर त्याची प्रत्येक चूक ती रक्ताच्या खाती मांडेल, आणि तो तिच्या चेहऱ्यावरून ओळखेल. परवा त्यानं वहिनीला मावशी म्हटलं, स्वतःच हसला, लगेच गाडीची किल्ली मागितली. हे हसू मला त्या रिपोर्टाच्या ताब्यात द्यायचं नाही. उपचारात त्यानं तसूभरही फरक पडत नाही. तरी रक्त त्याचं आहे, उद्या त्यानं विचारलं तर खोटं बोलणार नाही. डीएनएची रचना शोधणाऱ्यांपैकी एक, जेम्स वॉटसन, त्यानं २००७ मध्ये आपला जीनोम वाचून घेतला, पण एपीओईचा निकाल मला सांगू नका म्हणाला. धाकट्याला तेवढी निवड कुणी दिलीच नाही, याचा मला फार राग येतो. आणि तो ई४ आई किंवा नाना यांच्याकडूनच आला, म्हणजे माझ्यातही असू शकतो. मी तपासणार नाही.

तूर्त रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. भाऊजींना गप्प राहायला सांगितलंय. वहिनीला सांगावं का, एवढंच तुझ्याकडून हवंय. तुला तिचा स्वभाव माहीत आहे.

बदलीचं काय झालं? छकुलीचा निकाल ऐकला, शाब्बास म्हण तिला. फोन सातनंतर कर, सहा ते सात त्याची स्पीच थेरपी असते आणि तेव्हा मी त्याच्याजवळ बसतो.

तुझा,
बापू