लीगच्या कामाला निघालेल्या लेकीस

ठाणे (पश्चिम)

चि. ईशास,
अनेक आशीर्वाद.

खेळाच्या लीगच्या कार्यालयात तुझी निवड झाली हे बाबा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतायत. मला मात्र त्या कामाविषयीच तुझ्याशी बोलायचं आहे.

तू नेहमी एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, डेव्हिड स्टर्न यांचं नाव घेतेस. १९८४ ते २०१४ अशी तीस वर्षं ते तिचे कमिशनर, म्हणजे मुख्य कारभारी होते. त्यांनी खेळ जगभर पोचवला हे खरंच, पण मला मोठं वाटतं ते त्याआधीचं काम. १९८३ साली लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात ते होते. संघांच्या पगारखर्चाला मर्यादा आली आणि खेळाडूंचा उत्पन्नातला वाटाही ठरला. त्यांच्यामागून आलेले अॅडम सिल्व्हर १९९२ साली त्यांचे सहायक म्हणून लागले होते. कमिशनर होऊन तीन महिने व्हायच्या आतच त्यांनी वर्णद्वेषी बोलणाऱ्या एका संघमालकावर आजन्म बंदी घातली. कमिशनरला नेमतात मालकच, तरी ते कचरले नाहीत. या खुर्चीची खरी परीक्षा तीच, असं मला वाटतं.

आपल्या कबड्डीतही बघ. २०१४ साली प्रो कबड्डी आली, तीस सेकंदांची चढाई आली, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ झाली, म्हणजे गुण आण नाहीतर बाद हो. घरोघरी लोक टीव्हीसमोर बसले. हे सगळं कुणीतरी टेबलावर बसून आखलं होतं.

त्याच टेबलाची दुसरी बाजू मी गुणलेखक म्हणून पाहिली आहे. ठाण्यातल्या एका स्पर्धेत सामना संपल्यावर एक चढाईपटू गुणपत्रिकेवर सही करायला आली. गुडघा सोलवटलेला, त्यावर माती तशीच. सही करता करता तिनं विचारलं, “ताई, बक्षिसाचे पैसे कधी?” त्या मुली पुढे कित्येक महिने आयोजकांच्या दारात हेलपाटे घालत होत्या.

म्हणून सांगते, रुजू झालीस की खेळाडूंच्या मानधनाची फाइल आधी बघ. प्रायोजकांच्या बैठकांना बोलावणारे पुष्कळ भेटतील, या फाइलसाठी कुणी बोलावणार नाही. वेळापत्रकात रात्री सामना, पहाटे विमान आणि लगेच दुसरा सामना असं दिसलं, तर वरिष्ठांना ईमेलनंच कळव, नुसतं तोंडी सांगू नकोस. पहिलं वेळापत्रक जाहीर झालं की मला पाठव, चष्मा लावून एकेक ओळ वाचेन.

तुझी,
आई