पत्रा विकायचं सोडून पत्र्याचे दोष सांगणाऱ्या भाऊंस

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. पण ट्रेलरवर घरच्या घरी कॅम्पर, म्हणजे फिरतं घर, बांधणाऱ्यांना तुमचं सांगणं कामी येईल, म्हणून आभार उघडच मानतो.

शहरातल्या मोठ्या दुकानानं एसीपी, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांची शीट, गळ्यात मारली. 'आयुष्यभर पाहायचं काम नाही,' एवढंच बोलणं. तिच्या पोटात प्लास्टिक असतं आणि साध्या प्रतीत ते पेट घेतं, कापलेली कड उघडी राहिली की पाणी शिरून थर सुटतात, आतल्या भिंतीसाठीचा पॉलिएस्टर रंग उन्हात उडतो, बाहेर ऊन सोसणाऱ्या पीव्हीडीएफ लेपाचीच लागते. यातला चकार शब्द कोणी काढला नाही. बिल मात्र झटक्यात निघालं.

तुम्ही मात्र गिऱ्हाईक दारात असताना 'हे नोका नेऊ' म्हणालात. आणि आपल्याच दुकानातल्या प्लायचा वीतभर तुकडा कापून हातात ठेवलात : 'घरी आधणात टाका, मंग सांगा.' आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याच्या मरीन प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात काढावे लागतात. साध्या, फक्त ओल सोसणाऱ्या एमआर प्लायचे पापुद्रे त्याच्या कितीतरी आधी सुटतात. आपला माल आपणच उकळायला देणारा दुकानदार! सचोटी म्हणतात ती अशीच असावी. ती गल्ल्यावर फोटो लावून येत नाही. चोख माणूस भेटला की अर्धं काम तिथंच होतं, हे इकडच्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे.

बाकीचंही तुमचंच. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. पत्र्याच्या तापमानात ६० अंशांचा फरक पडला, तर ८ फुटी ॲल्युमिनियमचा पत्रा ३ मिमीहून जास्त लांबतो. म्हणून रिव्हेटांची मधली ओळ घट्ट, कडेची भोकं मोठी, वर ईपीडीएम रबराचे वॉशर. सगळीकडून आवळला की पत्रा फुगतो, नाहीतर रिव्हेट सैल करतो. लोखंडी सांगाड्याला ॲल्युमिनियम थेट टेकवायचं नाही. पावसात दोन धातूंची जोडी जमली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), लोखंडावर झिंक प्रायमर.

सांधे बुजवायच्या सिलिकॉनचा तर तुम्हाला रागच. व्हिनेगरसारखा वास येणारं आम्लाचं असतं, धातूला चावतं, न्यूट्रलच घ्यायचं. सिलिकॉनवर रंग बसत नाही, म्हणून रंगवायच्या सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. छपरावर पुढचा पत्रा मागच्यावर ५० मिमी चढवायचा, नाहीतर चालत्या गाडीची हवा कड उचलते. छप्पर पांढरंच, यात वाद नाही.

मृग लागायच्या आत छपराचे सांधे उरकायचे आहेत. ब्यूटाइल टेपचे दोन रुंद रोल बाजूला ठेवा, आणि भाऊ, या वेळी पैसे घ्या.

तुमचा आभारी,
एक गिऱ्हाईक