खांब फायबरचे, पडदा फाटलेला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शलमोन राजाने जेरुसलेमात बांधलेल्या मंदिरावर लेख होता तो वाचला. सोनं, देवदार, लेबानोनहून लाकूड कसं आणलं ते सगळं छान दिलंय, पण सोबतचा फोटो जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीचा आहे आणि ती भिंत शलमोनाची नाहीये. हेरोद राजाने फार नंतर मंदिराच्या टेकडीभोवती चौथरा वाढवला, त्याच्या आधाराची ती भिंत. शलमोनाचं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) लोकांनी जाळलं, त्यानंतरचं इ.स. ७० मध्ये रोमनांनी पाडलं. एवढी दुरुस्ती छापा. पण पत्राचं खरं कारण वेगळंय.

आमच्या मंडळीचं नवीन चर्च बांधायचं चाललंय. कमिटीतल्या एका वडिलांनी, म्हणजे चर्चच्या एल्डरनी, तुमचा लेख कापून मीटिंगला आणला आणि म्हणाले आपल्या गेटला पण दोन खांब पाहिजेत, याखीन आणि बवाज, बायबलप्रमाणे. कॉन्ट्रॅक्टर लगेच तयार, म्हणे फायबरमध्ये करून देतो, वरून ब्रॉन्झ पेंट मारला की कुणाला कळणार पण नाही. मागून कोणीतरी विचारलं, बवाज म्हणजे रूथचा नवरा ना, त्याचं नाव खांबावर कशाला? पाळक साहेब नुसते हसले.

आता ते खांब होते हे खरंच आहे, १८ हात उंच, पितळेचे, सोरच्या हिरामाने ओतलेले. याखीन म्हणजे 'तो स्थापन करील' आणि बवाज म्हणजे 'त्याच्यात बळ' असा साधारण अर्थ लावतात. पण माणूस खांबापाशीच अडकला की आतलं सगळं राहून जातं, तुमच्या लेखाचंही तेच झालंय.

मंदिर होतं ६० हात लांब, २० हात रुंद. हात दीड फुटाचा धरा, म्हणजे ९० बाय ३० फूट, आपल्याकडचं साधं मंगल कार्यालय पण याच्यापेक्षा मोठं असतं. आधी देवडी, मग पवित्रस्थान, आणि शेवटी परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा म्हणा, २० हात लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. भिंतींवर खजुरीची झाडं, उमललेली फुलं आणि पंखवाले करूब, म्हणजे देवाचे पहारेकरी दूत, कोरलेले. ही एदेन बाग आहे हो! बायबलच्या उत्पत्ती पुस्तकात आदामाला बागेबाहेर काढल्यावर देव पूर्वेच्या बाजूला करूब पहाऱ्याला ठेवतो, आणि मंदिराचं दार पण पूर्वेला, म्हणजे याजक (पुरोहित) आत शिरला की पश्चिमेकडे चालतो, आदाम ज्या वाटेने बाहेर पडला तीच वाट उलटी. हे मला कळलं तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो आणि त्याआधी निदान वीस वेळा ती मोजमापं कंटाळत वाचली होती.

मग येतो परमपवित्रस्थानापुढचा पडदा, त्याच्यावर पण करूब. मराठी बायबलात त्याला 'अंतरपट' असा शब्द आहे, आणि मला वाटतं हा शब्द ज्याने निवडला त्याला मराठी लग्न चांगलं माहीत होतं. लग्नातला अंतरपट मंगलाष्टकं संपली की बाजूला होतो, हा होत नव्हता. वर्षातून एकच दिवस, एकटा महायाजक, तो पण रक्त घेऊन आत जायचा, बाकी सगळे बाहेर. आपल्या पुण्यातल्या लाल देवळात, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये, तोरा (त्यांचा धर्मग्रंथ) ठेवतात त्या कपाटापुढे पडदा असतो, त्याचं हिब्रू नाव तेच आहे, पारोखेत. येशूने प्राण सोडला तेव्हा मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटला असं मत्तय लिहितो. खालून वर फाटला असता तर माणसाने फाडला म्हणता आलं असतं.

माझी बहीण संडे स्कूल घेते, तिने पोरांकडून थर्माकोलचं मंदिर करून घेतलं, सोन्याच्या जागी चॉकलेटची चांदी, पडदा आईच्या जुन्या साडीचा. काडेपेटीचा कोश (गाभाऱ्यातली कराराची पेटी) केला होता तो कार्यक्रमाच्या आधीच हरवला आणि पोरं रडकुंडीला. मी म्हटलं असू दे रे, दुसऱ्या मंदिरात पण कोश नव्हताच, इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पी आत घुसला तर गाभाऱ्यात मूर्ती वगैरे काही नव्हतंच. पोरांना ते फार आवडलं.

दुसरी गोष्ट आमच्या प्लॅनमधली, आणि ही मला खांबांपेक्षा जास्त टोचतेय. वेदीपुढे अडीच फुटी स्टीलची ग्रिल दाखवलीय, लॅचसकट, पाळक आणि वडिलांनीच आत जायचं. जुन्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला गुडघे टेकायला कठडा असतो तो वेगळा, हे सरळ कुंपण आहे. हेरोदाच्या मंदिरात असंच एक कुंपण होतं आणि त्याच्यावरचा ग्रीक पाटीचा दगड १८७१ मध्ये जेरुसलेमात सापडला, आता तो इस्तंबूलच्या म्युझियममध्ये आहे. परक्याने (यहुदी नसलेल्याने) आत येऊ नये, आला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार, अशी ती पाटी. येशूचा प्रेषित पौल, त्याला लोक मंदिरात मारायला उठले ते याच्यावरूनच, की याने इफिसच्या त्रफिमाला आत आणलं. आणि इफिसकरांच्या पत्रातच लिहिलंय की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली! बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, तर शेवटी नवं जेरुसलेम येतं ते लांबी, रुंदी, उंचीला सारखं, म्हणजे अख्खं शहरच परमपवित्रस्थान, आणि तिथे मंदिरच नाही. हे सगळं मीटिंगमध्ये बोललो तर उत्तर आलं, ग्रिलचा ॲडव्हान्स दिलाय.

खांबांचं अजून ठरायचंय. मूळचे खांब बाबेलच्या लोकांनी फोडून त्यांचं पितळ वाहून नेलं, आमचे फायबरचे कोण नेणार नाही एवढा फायदा आहे.

बायबलप्रमाणेच करायचं तर माझी एक सूचना आहे. शलमोनाच्या मंदिराचे दगड खाणीतच घडवून आणत, बांधकामाच्या जागी हातोड्याचा आवाज यायचा नाही. आमचा टाइल कटर रविवारी बरोबर प्रार्थनेच्या वेळी सुरू होतो.

आपला नेहमीचा वाचक,
पुणे