भट्टी तर पाडली, आठवणी तरी आणून द्या : आपल्या गावच्या वाचनालयाचं आवाहन

समस्त गावकरी, खाणीतले आजी-माजी कामगार, आणि पोटापाण्यासाठी नागपूर, भिलाई, पुण्याला गेलेल्या आपल्या सगळ्या लोकांना नमस्कार.

बाजारचौकाच्या वरच्या अंगाची जुनी मोहाच्या दारूची भट्टी मागच्या उन्हाळ्यात पाडली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. भिंत पोटातून फुगली होती, बाजूनंच पोरं शाळेत जातात. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव चुकला असं आम्ही म्हणत नाही. चूक आमचीच. जेसीबी लागला त्या सकाळी आम्ही पंधरा-वीस जण तिथं उभे होतो, प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि सगळ्यांनी धुराडं पडतानाचे व्हिडिओ काढले. उभ्या भट्टीचा एक धड फोटो मात्र कोणाकडे निघेना. दोन महिने घरोघरी विचारलं तेव्हा कुठं एक मिळाला, तोही लग्नातला. पुढं नवरा-नवरी, मागं भट्टीची अर्धी कमान आणि तिच्यावरून बांधलेली मांडवाची झालर.

तरण्या पोरांना ही इमारत 'जुनं रेशन गोदाम' म्हणूनच माहीत. कोणाला तिथं झालेलं मतदान आठवतं, कोणाला पावसाळ्यातली लग्नं, कोणाला संपाच्या सभा. पण जुनी माणसं आजही पत्ता सांगताना 'भट्टीपासून डाव्या हाताला' असंच सांगतात. आपल्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग, चिखला, सितासावंगी या पट्ट्यात मँगनीज निघालं आणि रानात वस्त्या उभ्या राहिल्या. कोणी छत्तीसगडातून आलं, कोणी बालाघाटकडून, कोणी धानाचा हंगाम आटोपून शेजारच्या खेड्यातून. १९६२ साली मॉइल ही मँगनीज काढणारी कंपनी झाली, तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी ती अजून नुसती 'कंपनी'च. हप्ता, म्हणजे आठवड्याची मजुरी, मिळायची बाजाराच्या दिवशी, आणि बाजारातून चाळीकडे जाणारी वाट भट्टीच्या दारावरून. ती वाट कोणी आखली हे विचारण्यात आता अर्थ नाही, पण पुष्कळ संसार त्या दोनशे पावलांत अडकले.

भट्टीला मोह पुरवणारं आपलंच रान. चैतात पहाटे बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जायच्या, फुलं वेचायच्या, अंगणात वाळवायच्या. कोरडी फुलं गुत्तेदार तोलून घ्यायचा, मग ती पाण्यात भिजत घालून सडवा तयार व्हायचा. सडवा आला की तो तांब्याच्या मोठ्या भांड्यात चढवायचे, खाली लाकडाचा जाळ, वर निघालेली वाफ नळीतून गार पाण्यातल्या पिंपाकडे. पहिल्या धारेची वेगळी काढून ठेवायची आणि ती कोणाकडे जायची, यावर आजही दोन म्हाताऱ्यांची जुंपते. त्या तांब्याच्या भांड्याचं पुढं काय झालं याच्या तीन कथा आमच्याकडे जमा आहेत. एकात ते भंडाऱ्याला भांडी करणाऱ्यांकडे जाऊन वितळलं, दुसऱ्यात बालाघाटला गेलं, आणि तिसऱ्यात रातोरात विहिरीत ढकललं. विहिरीवाली कथा सांगणारे सगळ्यात जास्त आहेत, म्हणून ती खरी असेलच असं नाही.

भट्टी बंद पडली ती दारूबंदीनं. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि तिकडचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ साली इकडेही लागू झाला. सरकारी परवान्याची भट्टी थंडावली, पण नाल्याकाठी मडकी पुरायला लागली हेही खरं. तेही कोणी मोकळेपणानं सांगणार असेल तर आम्हाला हवं आहे. इतक्या वर्षांनी काही पोलिसात जाणार नाही.

आता महत्त्वाचं. वाचनालयाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका सदस्याबाईंनी सरळ विचारलं, "दारूच्या भट्टीचं स्मारक करता का?" त्यांचा राग रास्त आहे. त्यांच्या आजीचं एक बोलणं त्यांनी सांगितलं: "मोह येचाले मी, इकाले मी, अन् प्याले तो!" हेच आम्हाला लिहून घ्यायचं आहे. आतापर्यंत ज्या आठवणी आल्या त्या बहुतेक पुरुषांच्या, आणि त्यात गमतीजमतीच जास्त. त्याच भट्टीला फुलं विकून कोणी पोरीच्या लुगड्याचे पैसे जमवले, कोणी हप्त्याच्या दिवशी दारात उभं राहून नवऱ्याच्या हातातून पैसे ओढून घेतले. या गोष्टी बायकांनी सांगितल्याशिवाय आमचं काम अर्धंच राहील. त्या सदस्याबाईच आता बायकांच्या आठवणी लिहून घेण्याचं काम बघणार आहेत. त्यांना घरात घ्या, चहा नाही दिला तरी चालेल.

आठवण सांगणाऱ्यानं वाचनालयापर्यंत यायची गरज नाही. निरोप द्या, आम्ही घरी येऊ, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू. झाडीबोली, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, ज्या बोलीत तुम्हाला सुचेल तिच्यात बोला. आम्ही ती शुद्ध करून लिहिणार नाही. नाव लपवायचं असेल तर लपवू.

वस्तूही लागतील. जुन्या बाटल्या, मापं, लाकडी पिंपाच्या पट्ट्या, पावत्या, हजेरीची कार्डं, चाळीतले गटाचे फोटो. शेर-पावशेर कायद्यानं गेले, पण 'नवटाक' अजून तोंडात आहे. ते पितळी माप कोणाच्या माळ्यावर असेल तर बघा. वस्तू कायमची द्यायची नसेल तर फोटो काढून परत करू. आणि विटा! पाडकामानंतर भट्टीच्या विटा कोणी कोणी नेल्या हे आम्हाला माहीत आहे, परत मागत नाही. तुमच्या गोठ्यात, ओट्यात, न्हाणीघरात त्या कुठं बसवल्या तेवढं दाखवा, आम्ही फोटो घेऊ. एक साबूत वीट मात्र वाचनालयासाठी द्या.

पैशाचं म्हणाल तर एक लोखंडी कपाट, कागद-फोटो स्कॅन करायचं यंत्र आणि ओसरीला जाळी, एवढ्याला अंदाजे पस्तीस हजार रुपये लागतील. पन्नास रुपयांची देणगीसुद्धा पावती देऊनच घेतली जाईल आणि हिशेब दर महिन्याला वाचनालयाच्या फळ्यावर लागेल. दारूच्या दुकानदारांकडून देणगी घ्यावी की नाही, यावर कार्यकारिणीत एकमत नाही. तूर्त घेत नाही. बाहेरगावी असलेल्यांनी पैशाऐवजी घरातल्या म्हाताऱ्यांना फोन करून अर्धा तास बोलतं केलं आणि ते आम्हाला पाठवलं, तर ते आम्हाला जास्त मोलाचं. नववी-दहावीची पाच मुलं ऐकून लिहायला तयार आहेत, संगणकावर मराठी टाइप करणारं कोणी मात्र अजून मिळालेलं नाही.

वाचनालय रोज सायंकाळी ५ ते ८ उघडं असतं, बाजाराच्या दिवशी सकाळीही. हे सगळं होळीच्या आत व्हायला हवं. एकदा मोह पडायला लागला की पहाटेपासून गावात कोणी सापडायचं नाही, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्या म्हाताऱ्या तर सगळ्यात आधी रानात पोचलेल्या असतील.

आपले,
वाचनालयाची कार्यकारिणी आणि सभासद