जागल्यांचे तंटे आणि मध्यस्थांवरील देखरेख

संपादक महोदय,

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी व समेट प्रकल्प समिती यांनी १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळात ‘राष्ट्रासाठी मध्यस्थी’ ही मोहीम तालुका न्यायालयांपासून उच्च न्यायालयांपर्यंत राबवली. मध्यस्थीकडे पाठवण्याजोग्या प्रकरणांच्या यादीत वैवाहिक कलह, अपघात भरपाई, न वटलेले धनादेश आणि वाटणीचे दावे यांच्या जोडीला सेवाविषयक प्रकरणेही होती. सेवाविषयक प्रकरण म्हटले की ज्येष्ठतायादी, वेतननिश्चिती किंवा निवृत्तिवेतनाचा हिशेब डोळ्यांपुढे येतो, आणि अशा वादात समेट झाला तर कोणाचेच काही बिघडत नाही. परंतु आपल्या कार्यालयातील गैरव्यवहार वरिष्ठांच्या किंवा दक्षता यंत्रणेच्या नजरेस आणून दिल्यामुळे ज्याची मुदतपूर्व बदली झाली, ज्याचा गोपनीय अहवाल एकाएकी घसरला किंवा ज्याच्यामागे विभागीय चौकशी लागली, अशा कर्मचाऱ्याचा, म्हणजे जागल्याचा (व्हिसलब्लोअरचा), तंटाही याच सदराखाली येतो. हा तंटासुद्धा मध्यस्थीने सुटू शकतो असे माझे मत आहे. मात्र तो सोडवणाऱ्या मध्यस्थांच्या कामावर जाणत्या आणि स्वतंत्र व्यक्तीची देखरेख असेल तरच, आणि त्या देखरेखीचा विचार आपल्याकडे अजून सुरूही झालेला दिसत नाही.

न्यायालयाशी संलग्न मध्यस्थी केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकाला शिकवले जाते की ‘चूक कोणाची’ या प्रश्नावरून पक्षकारांना हळूहळू ‘पुढे काय करायचे’ या प्रश्नाकडे आणावे. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांच्या बाबतीत ही शिकवण अगदी योग्य ठरते, कारण दोघांचे बळ साधारण सारखे असते आणि बांध कोणी कोरला हे कायमचे अनुत्तरित राहिले तरी गावाचे काही अडत नाही. जागल्याच्या तंट्यात मात्र समोरचा पक्ष म्हणजे एक संपूर्ण खाते असते. त्याच्या वकिलाचे शुल्क तिजोरीतून जाते, कर्मचाऱ्याचा पुढचा गोपनीय अहवाल त्याच खात्यातील कोणी तरी लिहिणार असते, आणि ज्यांच्या रस्त्याच्या, औषधाच्या किंवा धान्याच्या पैशांत अपहार झाल्याचा आरोप आहे ते लोक खोलीत हजरच नसतात. येथे ‘मागचे विसरा’ असे सुचवणारा मध्यस्थ, त्याचा हेतू कितीही स्वच्छ असला तरी, नकळत एका पक्षाचे काम करतो. चांगल्या मध्यस्थालाही हे स्वतःचे स्वतःला दिसत नाही, आणि म्हणूनच त्याच्या कामाकडे बाहेरून पाहणारा कोणी तरी लागतो.

या बाबतीत दीर्घ अनुभव असलेली संस्था म्हणून अमेरिकेच्या संघराज्य सरकारातील ‘ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेल’ या कार्यालयाचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. १९७८ च्या सनदी सेवा सुधारणा कायद्यातून ते १९७९ मध्ये सुरू झाले आणि १९८९ च्या जागल्या संरक्षण कायद्याने त्याला स्वतंत्र दर्जा मिळाला. सूड म्हणून बदली, बडतर्फी किंवा पदावनती झाल्याची तक्रार संघराज्याचा कर्मचारी येथे करू शकतो, आणि निवडक तक्रारींत कार्यालय दोन्ही बाजूंपुढे मध्यस्थीचा पर्याय ठेवते. मध्यस्थी पूर्णपणे ऐच्छिक असते, ती कार्यालयाच्या स्वतंत्र विभागामार्फत चालते, आणि ती फसली तर तक्रार पुन्हा तपासाच्या मार्गाला लागते. त्याहून महत्त्वाची व्यवस्था अशी की, कर्मचाऱ्याने उघड केलेला मूळ गैरप्रकार आणि त्याच्यावर उगवलेला सूड या दोन गोष्टी तेथे दोन वेगळ्या वाटांनी जातात. गैरप्रकाराची माहिती प्रथमदर्शनी ग्राह्य वाटल्यास ती खातेप्रमुखाकडे चौकशीसाठी धाडली जाते, चौकशीच्या अहवालावर माहिती देणाऱ्याला स्वतःचे म्हणणे मांडता येते, आणि सर्व कागद अखेर राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (अमेरिकी संसद) यांच्यापर्यंत पोहोचतात. कर्मचाऱ्याने सुडाबद्दलचा तंटा मिटवला म्हणून ही दुसरी वाट बंद होत नाही.

अमेरिकेतील फिनिक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयाचे प्रकरण या संदर्भात आठवते. रुग्णांना किती काळ ताटकळावे लागते हे लपवण्यासाठी गुप्त प्रतीक्षायाद्या ठेवल्याचे तेथे २०१४ मध्ये उघड झाले आणि खात्याचे मंत्री एरिक शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. रुग्णालयाच्या कारभाराविरुद्ध बोलणाऱ्या डॉ. कॅथरीन मिशेल आणि जनसंपर्क अधिकारी पॉला पेडीन यांना त्याची किंमत मोजावी लागली होती. पेडीन यांना तर तळघरातील ग्रंथालयात नेऊन बसवले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये या दोघींसह तिसऱ्या एका कर्मचाऱ्याचे तंटे याच कार्यालयाच्या पुढाकाराने, लांबलचक सुनावणीशिवाय, समझोत्याने मिटले. तोवर प्रतीक्षायाद्यांवरचा, खात्याची अंतर्गत तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांचा अहवालही प्रसिद्ध झाला होता. व्यक्तीला दिलासा मिळाला, आणि त्या दिलाशाच्या बदल्यात रुग्णांचा प्रश्न दडपला गेला नाही.

देखरेख करणाऱ्याचे पहिले काम मध्यस्थ खोलीत शिरण्यापूर्वीचे आहे, ते म्हणजे प्रकरणांची निवड. अमेरिकेच्या १९९६ च्या पर्यायी तंटानिवारण कायद्यात सरकारी खात्यांनी मध्यस्थीसारखे मार्ग केव्हा टाळण्याचा विचार करावा हे सांगितले आहे: जेव्हा पुढील प्रकरणांसाठी पायंडा ठरेल असा अधिकृत निर्णय हवा असतो, जेव्हा शासनाच्या धोरणाचा मोठा प्रश्न गुंतलेला असतो, जेव्हा पक्षकार नसलेल्या लोकांवर परिणाम होणार असतो, किंवा जेव्हा संपूर्ण कार्यवाहीची सार्वजनिक नोंद राहणे महत्त्वाचे असते. जागल्यांच्या कितीतरी तक्रारी यांपैकी एका तरी कसोटीत बसतात. एकाच अधिकाऱ्याविरुद्ध तिसऱ्यांदा सुडाची तक्रार आली असेल, तर तीन वेगवेगळ्या मध्यस्थांनी तीन सुबक समझोते घडवून आणणे हे यश मानता येणार नाही. त्या तिन्ही मध्यस्थांना एकमेकांच्या प्रकरणांची माहिती नसते आणि गोपनीयतेमुळे ती असूही नये. तिन्ही फायली एकत्र पाहू शकणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे त्यांची पर्यवेक्षक.

आता गोपनीयतेचा प्रश्न. खोलीत काय बोलले गेले हे बाहेर जाणार नसेल तर देखरेख करायची कशी, ही शंका माझ्या परिचयातील मध्यस्थ पुन्हा पुन्हा काढतात. अमेरिकी कायद्याने मध्यस्थीतील संभाषणाला संरक्षण दिले आहेच, पण कायदाभंग सिद्ध करण्यासाठी, सार्वजनिक आरोग्य वा सुरक्षिततेला होणारी इजा टाळण्यासाठी किंवा उघड अन्याय रोखण्यासाठी आवश्यक असल्यास न्यायालय ते संरक्षण उठवू शकते. रोजच्या देखरेखीसाठी मात्र इतक्या टोकाला जाण्याची गरज नसते. नव्या मध्यस्थाला अनुभवी सहमध्यस्थाबरोबर बसवता येते, पक्षकारांच्या संमतीने पर्यवेक्षक एखादी बैठक पाहू शकतो, बैठकीनंतर नावे आणि तपशील वगळून मध्यस्थाशी ‘या टप्प्यावर तुम्ही असे का सुचवले’ अशी चर्चा होऊ शकते. दोन्ही बाजूंना भरून देण्याच्या प्रश्नावलीत ‘समेट झाला का’ यापलीकडे जाऊन ‘नाही म्हणण्याची मोकळीक वाटली का’ आणि ‘तडजोड न झाल्यास पुढे काय होईल हे समजावून सांगितले होते का’ असेही विचारता येते. मध्यस्थीतली माहिती तपास अधिकाऱ्याकडे झिरपणार नाही अशी भिंत संस्थेच्या आतच उभी करणे आणि ती शाबूत ठेवणे हेही पर्यवेक्षकाचेच काम. ती भिंत एकदा ढासळली तर पुढचा कर्मचारी मध्यस्थापुढे मोकळेपणाने बोलणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

सर्वांत अवघड भाग मध्यस्थाच्या मूल्यमापनाचा आहे, आणि याबाबत आपल्याकडील सवय चिंताजनक आहे. लोकअदालत असो वा मध्यस्थी केंद्र, आपण विचारतो ते ‘किती निकाली निघाली’. निकाली निघालेल्या प्रकरणांचा आकडा हेच मोजमाप असेल, तर कोणताही मध्यस्थ साहजिकच जो पक्ष लवकर नमेल त्याच्यावर भार टाकतो. आणि निलंबन भत्त्यावर घर चालवणारा कर्मचारी खात्यापेक्षा नेहमीच लवकर नमतो. शिवाय खात्याचे प्रतिनिधी त्याच मध्यस्थापुढे वरचेवर येतात, त्यांच्याशी ओळख वाढते, त्यांच्या अडचणी समजू लागतात, उलट कर्मचारी तेथे बहुधा आयुष्यात एकदाच येतो. या ओळखीतून झुकणारे मन लाच घेत नाही की खोटे बोलत नाही, त्यामुळे ते शिस्तभंगाच्या कोणत्याही नियमात सापडत नाही. एखाद्या मध्यस्थाच्या हातून झालेल्या समझोत्यांत कर्मचारी मूळ जागी परतण्याऐवजी सतत दुसरीकडे बदली स्वीकारतो आहे किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतो आहे, हे वर्षभराचे समझोते शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच कळू शकते.

समझोत्याच्या मसुद्यातील अटी हा त्यातलाच विषय. ‘तक्रारदार आपल्या सर्व तक्रारी बिनशर्त मागे घेत आहे आणि यापुढे या विषयावर कोणत्याही प्राधिकरणाकडे जाणार नाही’ असे वाक्य आपल्याकडील समझोत्यांत किती सहज येते, हे वकील मंडळींना सांगायला नको. ब्रिटनच्या १९९८ च्या कायद्यानुसार, सार्वजनिक हिताची माहिती उघड करण्यास कामगाराला मज्जाव करणारी कराराची अट तेवढ्यापुरती निरर्थक ठरते. अमेरिकेनेही २०१२ च्या सुधारणेनंतर सरकारी गोपनीयता करारांत जागल्यांचे हक्क अबाधित असल्याचे निवेदन सक्तीचे केले. आपल्याकडे पर्यवेक्षकाला अशी अट असलेला मसुदा सहीपूर्वी परत पाठवण्याचा अधिकार हवा. मध्यस्थ तटस्थ असल्यामुळे तो स्वतः ती अट खोडू शकत नाही असे कोणी म्हणेल आणि ते काही अंशी खरेही आहे, पण संस्थेला असली तटस्थता पाळण्याचे कारण नाही.

तरीही अमेरिकेतील व्यवस्थेचे गुणगान करणे हा माझा हेतू नाही. तेथे सुडाच्या तक्रारींवर अंतिम निर्णय देणाऱ्या मेरिट सिस्टिम्स प्रोटेक्शन बोर्डाकडे जानेवारी २०१७ पासून मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ, निर्णय देण्यासाठी लागणारी सदस्यांची गणसंख्याच नव्हती. फेब्रुवारी २०२५ मध्ये वर उल्लेखलेल्या कार्यालयाचे प्रमुख, स्पेशल काउन्सेल हॅम्प्टन डेलिंजर यांना, कायद्यात सांगितलेले अकार्यक्षमता, कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन यांपैकी कोणतेही कारण न देता, पाच वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच पदावरून दूर केले गेले, आणि न्यायालयीन झगड्यानंतर मार्चमध्ये त्यांनी माघार घेतली. समझोता न केल्यास निवाडा मिळेल याची खात्री नसेल, तर खाते तडजोडीला बसेलच कशाला, आणि बसले तरी देईल काय? मध्यस्थ कितीही कुशल असला तरी त्याच्या पाठीमागे उभी असलेली निवाड्याची यंत्रणा खिळखिळी असल्यास त्याच्या खोलीत कर्मचाऱ्याचा आवाज क्षीण होतो.

आपल्याकडील यंत्रणेची स्थिती याहून नाजूक आहे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली, त्यानंतर २००४ च्या शासकीय ठरावाने केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचा अधिकार मिळाला. संसदेने पुढे २०१४ मध्ये जागल्या संरक्षण कायदा केला. त्यात केलेली कारवाई सुडाची नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी सार्वजनिक प्राधिकरणावर टाकणारी उत्तम तरतूद आहे, परंतु हा कायदा अद्याप अंमलात आणलेलाच नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याचा भर सरकार पक्षकार असलेल्या वादांत व्यापारी तंट्यांवर आहे. इतर प्रकारचे वाद त्याखाली आणायचे तर सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. महाराष्ट्रात बदल्यांच्या नियमनाचा कायदा आहे, मुदतपूर्व बदलीची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन आहे, आणि दाद मागायला ‘मॅट’ म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. मुदतपूर्व बदली रद्द करून घेण्यासाठी मॅटची पायरी चढलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने गैरव्यवहार उघड केलेला असतो असे मुळीच नाही. ज्यांनी केलेला असतो त्यांचे अर्ज मात्र आज इतरांच्या अर्जांत मिसळून जातात, आणि मध्यस्थीकडे प्रकरणे पाठवताना ते तसेच मिसळलेले जातील.

म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे: अर्जदाराने संबंधित कारवाईपूर्वी दक्षता आयोग, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त किंवा स्वतःचे वरिष्ठ यांच्याकडे लेखी तक्रार केली होती का, एवढा एक प्रश्न छाननीच्या नमुन्यात घालावा आणि उत्तर होकारार्थी असलेली प्रकरणे सरसकट मध्यस्थीकडे न पाठवता आधी पर्यवेक्षकापुढे ठेवावीत. हा पर्यवेक्षक ज्या खात्यांची प्रकरणे येतात त्यांपैकी कोणत्याही खात्याच्या अखत्यारीतला नसावा, त्याचा स्वतःचा गोपनीय अहवाल मंत्रालयातून लिहिला जाऊ नये, आणि मध्यस्थाला प्रकरणागणिक मिळणारे मानधन समेट झाला किंवा नाही यावर कमीजास्त होणार नाही हे त्याने पाहावे. समझोता झाल्यावर एक वर्षाने त्याने कर्मचाऱ्याला आणि खात्याला स्वतंत्रपणे पत्र पाठवून तीन गोष्टी विचाराव्यात: ठरलेली नेमणूक प्रत्यक्ष मिळाली का, त्यानंतरचा गोपनीय अहवाल कोणी आणि कसा लिहिला, आणि ज्या मूळ तक्रारीमुळे हे सारे सुरू झाले ती आज कोणाच्या टेबलावर आहे. या उत्तरांचा गोषवारा, नावे वगळून, दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवला जावा.

आपला विश्वासू,
जिल्हा न्यायालयातील एक प्रशिक्षित मध्यस्थ, सातारा