चि. मृण्मयीस, दूर-अवरक्त दुर्बिणीच्या उद्दिष्टांविषयी

नागपूर

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

भावी दूर-अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या वैज्ञानिक उद्दिष्टांचा तुमच्या गटाचा मसुदा वाचला आणि मनापासून आनंद झाला. यादीतील प्रत्येक विषय मोलाचा आहे, पण वगळण्याचे काम अजून व्हायचे आहे. जे काम दुसरी दुर्बीण करू शकते, ते आधी काढून टाकावे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची नजर सुमारे 28 मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत पोहोचते आणि चिलीतील आल्मा ही रेडिओ दुर्बीण साधारण 300 मायक्रॉनच्या पुढे पाहते; मधला पट्टा वातावरणातील बाष्प अडवून धरते आणि 2013 मध्ये हर्शेल या अवकाश दुर्बिणीचे थंडाव्यासाठीचे हीलियम संपल्यापासून तो अवकाशातून कोणी पाहिलेला नाही.

म्हणूनच, जिथे ग्रह घडतात त्या तबकड्यांतील वायूचे वस्तुमान हे उद्दिष्ट मी सर्वांत वर ठेवीन. थंड हायड्रोजनचा रेणू जवळजवळ प्रकाशतच नाही, त्यामुळे वस्तुमान कार्बन मोनॉक्साइडवरून काढावे लागते, आणि तो धुळीच्या कणांवर गोठला की हिशोब फसतो. एका हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेला रेणू मात्र वर्णपटात 112 मायक्रॉनला रेषा देतो. हर्शेलने टीडब्ल्यू हायड्रे या ताऱ्याभोवती ती टिपली आणि तेथील तबकडी सूर्याच्या वस्तुमानाच्या 5 टक्क्यांहून जड निघाली. अशी मोजमापे मोजक्याच तबकड्यांची झाली. शेकडोंची हवी असतील, तर किती मंद रेषा दिसली पाहिजे हा आकडा मसुद्यात स्पष्ट लिहा, कारण आरसा किती थंड हवा हे त्यावरूनच ठरेल.

हर्शेलचा आरसा 3.5 मीटरचा होता, परंतु सुमारे 85 केल्व्हिनवर तो स्वतःच या पट्ट्यात उजळत असे. आपल्याकडे मे महिन्याच्या भर दुपारी अंगणातील पणती शोधण्यासारखेच ते होते. प्रस्तावित प्रिमा या अवकाश दुर्बिणीचा आरसा 1.8 मीटरचाच, पण 4.5 केल्व्हिनपर्यंत थंड ठेवायचा आहे, आणि ही निवड मला योग्य वाटते. लहान आरशात दूरच्या दीर्घिका एकमेकींत मिसळतात हे खरे, पण वर्णपट घेतला तर रेषा किती सरकली यावरून त्या वेगळ्या काढता येतात.

मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्थेने) हैदराबादहून बलूनवर पाठवलेल्या 1 मीटरच्या दुर्बिणीने आयनित कार्बनची 158 मायक्रॉनची रेषा मोजली आहे. त्या कामातील कोणाशी तरी अवश्य बोल.

सुधारलेला मसुदा पाठव; तबकड्यांचे पान आधी पाठवलेस तरी चालेल.

तुझे बाबा